लाल कार्डावर अपील करायचे ते कसे?

शहापूर आणि मुरबाड हे तालुके कबड्डीचे आणि क्रिकेटचे. फुटबॉल इथे खेळला जातो तो बहुतेक शाळा-आश्रमशाळांच्या संघांत आणि गावोगावच्या मंडळांच्या खुल्या स्पर्धांत. अशा सामन्यात लाल कार्ड निघाले की काय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंचाभोवती घोळका जमतो, दहा मिनिटे आरडाओरडा होतो, कोणीतरी "पंच तिकडचाच आहे" असे म्हणतो आणि अखेर मुलगा खाली मान घालून बाहेर जातो. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहतो: हा मुलगा पुढचा सामना खेळू शकतो का? नसेल तर किती सामने बाहेर? आणि कार्ड चुकीचे असेल तर दाद कोणाकडे मागायची?

या प्रश्नांना ठरलेली उत्तरे आहेत. ती आधी माहीत असली, तर पंचाशी घातलेल्या वादापेक्षा एक कागद जास्त काम करतो.

निर्णय वेगळा, शिक्षा वेगळी

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. लाल कार्डाचे दोन परिणाम असतात. पहिला त्याच सामन्यातला: खेळाडू बाहेर, त्याच्या जागी बदली नाही, उरलेला वेळ संघ दहा जणांवर. दुसरा पुढच्या सामन्यांचा, म्हणजे निलंबन. अपील होते ते फक्त दुसऱ्यावर.

फुटबॉलच्या नियमावलीतला पाचवा नियम सांगतो की खेळाशी संबंधित घटनांबाबत पंचाचा निर्णय अंतिम असतो. गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, हेसुद्धा त्यात आले. पंचाला स्वतःची चूक लक्षात आली, तरी खेळ पुन्हा सुरू झाल्यावर त्याला सहसा मागे फिरता येत नाही. त्यामुळे 'कार्ड चुकीचे होते, सामना परत खेळवा' ही मागणी जवळजवळ कधीच टिकत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसला टॉटनहॅमविरुद्ध थेट लाल कार्ड मिळाले. क्लबने दाद मागितली, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ती मान्य केली आणि त्याचे तीन सामन्यांचे निलंबन उठले. पण युनायटेड तो सामना ०-३ हरले होते, आणि तो निकाल तसाच राहिला. अपील जिंकूनही हातात येते ते एवढेच: पुढचे सामने.

आपल्याकडचे उदाहरण ३ मार्च २०२३ चे आहे. इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने फ्री किक झटकन मारून गोल केला. केरळ ब्लास्टर्सला तो मान्य नव्हता. संघ मैदान सोडून गेला. पुढे त्यांनी सामना पुन्हा खेळवण्याची मागणी केली, ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फेटाळली. उलट क्लबला ४ कोटी रुपये दंड झाला, प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आली आणि त्याविरुद्धचे अपीलही महासंघाच्या अपील समितीने मान्य केले नाही. रागाच्या भरात मैदान सोडणाऱ्या गावातल्या संघांनी हे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कार्ड नेमके कशासाठी?

अपिलाची पहिली पायरी म्हणजे कार्डाचे कारण समजून घेणे. नियम क्रमांक बारा खेळाडूला बाहेर काढण्याची कारणे मोजून देतो. हाताने किंवा फाऊल करून समोरच्याची गोलची स्पष्ट संधी हिरावणे. गंभीर फाऊल, म्हणजे चेंडूसाठी झुंजताना जास्त ताकद वापरून समोरच्याला इजा होईल असे खेळणे. हिंसक वर्तन, म्हणजे चेंडूचा संबंध नसताना मारणे, ढकलणे. चावणे किंवा थुंकणे. शिवीगाळ आणि अपमानकारक हावभाव. आणि त्याच सामन्यातले दुसरे पिवळे कार्ड. व्हिडिओ पंचांच्या खोलीत शिरणे हेही त्यात आहे, पण त्याची चिंता आपल्या तालुक्यात कोणाला नाही.

कारणावरून दोन गोष्टी ठरतात. एक, शिक्षा किती. फिफाच्या शिस्तपालन संहितेत गोलची संधी हिरावल्याबद्दल किमान एक सामना, गंभीर फाऊलसाठी किमान दोन आणि मारहाणीसाठी किमान तीन सामन्यांचे निलंबन आहे. पंचावर हात उचलला तर किमान पंधरा. दोन, अपिलाला जागा किती. दुसऱ्या पिवळ्यामुळे मिळालेल्या लाल कार्डावर फिफाच्या नियमांत एकच हरकत चालते: पंचाने माणूस ओळखण्यात चूक केली. 'पहिले पिवळे कडक होते' ही तक्रार तिथे ऐकली जात नाही.

कोणत्याही लाल कार्डानंतर पुढचा एक सामना आपोआप जातो. त्यासाठी समितीची बैठक लागत नाही. पूर्वी असे नव्हते. १९६२ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या गरिंचाला उपांत्य सामन्यात चिलीविरुद्ध बाहेर काढले गेले आणि चार दिवसांनी तो अंतिम सामना खेळला. तेव्हा कार्डेसुद्धा नव्हती. ती विश्वचषकात आली १९७० साली.

शिट्टी वाजली म्हणजे सुटलो, असेही नाही. सामन्याआधी मैदानाची पाहणी करायला आत आल्यापासून सामना संपवून मैदान सोडेपर्यंत पंच कारवाई करू शकतो. २० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीने मोहन बागानला २-१ असे हरवले, त्या सामन्यात सात लाल कार्डे निघाली, चार मुंबईची आणि तीन बागानची. त्यातली काही सामना संपल्यानंतरची होती. जिंकलेल्या संघाचे चार खेळाडू एका संध्याकाळी पुढच्या सामन्याला मुकले.

पंचाचा अहवाल

सामना संपला की पंच अहवाल लिहितो: कितवे मिनिट, कोणता जर्सी नंबर, काय केले, कार्ड कोणत्या कारणासाठी. पुढचे सगळे या कागदावर चालते. शिस्तपालन समिती अहवालातला मजकूर खरा धरूनच सुरुवात करते. तो खोटा किंवा अपुरा आहे हे दाखवण्याची जबाबदारी अपील करणाऱ्याची. सातबाऱ्यावरची नोंद जशी नुसत्या तोंडी सांगण्याने बदलत नाही, तसाच हा कागद.

म्हणून सामन्यानंतर संघ व्यवस्थापकाने शांतपणे दोन गोष्टी विचाराव्यात: कार्डाचे कारण काय नोंदवले, आणि कोणत्या नंबरवर नोंदवले. आयोजक अहवालाची प्रत देत असतील तर मागून घ्यावी. पावसाळ्यातल्या सामन्यात पाठीवरचे नंबर चिखलाने भरून जातात, ६ चा ८ होतो, १ चिखलाखाली जाऊन १६ चा ६ होतो. कधी दोन भाऊ एकाच संघात असतात आणि अहवालात नुसते आडनाव येते. अशी चूक लगेच कळली तर कर्णधाराने खेळ पुन्हा सुरू होण्याआधी पंचाला सभ्य शब्दांत सांगावी. तेवढ्या क्षणी ती मैदानावरच सुधारता येते. नंतर ती कागदाचे काम होऊन बसते.

स्पर्धा कोणाची, त्यावर दाद कुठे

शहापूर-मुरबाडच्या संघापुढे साधारण तीन प्रकारच्या स्पर्धा येतात आणि तिन्हींचा दरवाजा वेगळा.

पहिला प्रकार शालेय स्पर्धांचा. सुब्रतो चषकासारख्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी दिल्लीपर्यंत जातात आणि जिल्ह्यात त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. इथे अर्ज शाळेच्या नावाने जातो. खेळाडू अल्पवयीन असतो, त्यामुळे क्रीडाशिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय पुढे जाऊ नये. अडचण वेळेची आहे. तालुक्याच्या फेऱ्या एक-दोन दिवसांत उरकतात. सकाळी लाल कार्ड आणि दुपारी पुढचा सामना. म्हणून हरकत मैदानावर हजर असलेल्या स्पर्धाप्रमुखाकडे त्याच वेळी लेखी द्यावी लागते. घरी जाऊन विचार करायला सवड नसते.

दुसरा प्रकार संघटनेच्या स्पर्धांचा. देशात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, महाराष्ट्रात १९११ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्या खाली जिल्हा संघटना, अशी ही उतरंड आहे. नोंदणीकृत क्लब अशा स्पर्धेत खेळत असेल तर कार्ड, निलंबन आणि अपील यांची वाट लेखी नियमांत दिलेली असते: आधी शिस्तपालन समिती, मग अपील समिती.

तिसरा प्रकार मंडळांच्या खुल्या स्पर्धांचा. नियम त्यांच्या छापील पत्रकावर असतात आणि तळाशी बहुधा एक ओळ: 'आयोजकांचा व पंचांचा निर्णय अंतिम राहील.' अशा ठिकाणी अपील म्हणजे आयोजकांना केलेली विनंती. तीही लेखी करावी, पण तिच्या वर दुसरे दार नाही हे समजून. एक मात्र आधीच विचारून ठेवावे: लाल कार्डाला इथे किती सामन्यांची शिक्षा? काही स्पर्धांत एक सामना असतो, काहींत उरलेली पूर्ण स्पर्धा.

अपील टिकते ते कशावर

'पंचाने पक्षपात केला' हे कारण सगळ्यात जास्त लिहिले जाते आणि सगळ्यात कमी टिकते. समितीपुढे चालणारी कारणे मोजकी आहेत.

ओळखीतली चूक हे सगळ्यात भक्कम कारण. २२ मार्च २०१४ रोजी चेल्सीविरुद्ध आर्सेनलच्या ॲलेक्स ऑक्सलेड-चेंबरलेनने गोलकडे येणारा चेंडू हाताने अडवला आणि पंच आंद्रे मॅरिनर यांनी लाल कार्ड दाखवले ते किअरन गिब्जला. ऑक्सलेड-चेंबरलेन मैदानावरच 'तो मी होतो' असे सांगत होता. नंतर इंग्लंडच्या संघटनेने गिब्जची शिक्षा काढली. गंमत पुढे आहे: चेंडू मुळात गोलच्या बाहेर चालला होता, म्हणजे गोलची स्पष्ट संधी हिरावली गेली नव्हती, त्यामुळे ऑक्सलेड-चेंबरलेनलाही निलंबन झाले नाही. पण त्या नशिबावर कोणी विसंबू नये. नियम असा की खरा खेळाडू सापडला तर कारवाई त्याच्यावर वळते. आपल्या सहा नंबरला सोडवताना आपलाच सोळा नंबर पुढे करावा लागतो, याची तयारी हवी.

दुसरे कारण उघड चूक. फिफाच्या नियमांत अशा वेळी समिती निर्णयाच्या फक्त शिस्तभंगाच्या बाजूचा फेरविचार करू शकते. 'उघड' या शब्दावर सगळा भर आहे. टॅकल कडक होते की साधे, यावर दोन मते होऊ शकत असतील तर पंचाचे मत राहते. संपर्कच झाला नव्हता असे चित्रीकरणात स्पष्ट दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरे कारण शिक्षेचे माप. कार्ड मान्य, पण त्यावर वाढवलेली शिक्षा जास्त आहे, असे म्हणता येते. पहिलाच गुन्हा, समोरच्याने आधी डिवचले, खेळाडूने त्याच दिवशी माफी मागितली, या गोष्टी इथे मोजल्या जातात. शिक्षेचा काही भाग स्थगित ठेवण्याची सोयही फिफाच्या संहितेत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयर्लंडविरुद्ध कोपर मारल्याबद्दल क्रिस्तियानो रोनाल्डोला तीन सामन्यांची बंदी झाली. त्यातले दोन सामने फिफाने एका वर्षाच्या परिवीक्षेवर स्थगित ठेवले. तसाच गुन्हा पुन्हा झाला तर ते अंमलात येतात.

चौथे कारण कामकाजाचे: शिक्षा वाढवली, पण खेळाडूचे म्हणणे ऐकलेच नाही, किंवा निर्णय लेखी दिलाच नाही.

पुरावा

मोठ्या लीगमध्ये अनेक कॅमेरे असतात. आपल्याकडे कठड्याजवळ उभ्या असलेल्या पोराचा मोबाइल. तोही पुरेसा ठरू शकतो, जर चित्रफीत अखंड असेल. कार्डाच्या क्षणाचा पाच सेकंदांचा तुकडा, वर गाणे आणि मंद गती, अशी फीत समितीला पटत नाही. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा मिनिटभर भाग असू द्या, मूळ फाइल जपून ठेवा आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत देऊ नका. तिच्यात चित्र खराब होते आणि नंबर वाचता येत नाहीत. किती मिनिट किती सेकंदाला काय दिसते, हे अर्जात लिहा.

साक्षीदार स्वतःच्या संघाचा असेल तर त्याचे वजन कमी. समोरच्या संघाच्या व्यवस्थापकाने 'आमच्या खेळाडूला मार लागला नाही' असे दोन ओळींत लिहून दिले तर ते दहा समर्थकांच्या सह्यांपेक्षा मोलाचे. मात्र तेवढ्याने मारण्याचा प्रयत्न माफ होत नाही. हिंसक वर्तनात फटका बसलाच पाहिजे असे नियम म्हणत नाही.

अर्जाचा नमुना

अर्ज एका पानात बसावा. ओळखीतल्या चुकीसाठी तो साधारण असा:

'प्रति, मा. अध्यक्ष, शिस्तपालन समिती. विषय: लाल कार्डाची नोंद चुकीच्या खेळाडूवर झाल्याबाबत. महोदय, दि. ___ रोजी ___ मैदानावर झालेल्या सामना क्र. ___ मध्ये ५७व्या मिनिटाला आमचा जर्सी क्र. ६ याला गंभीर फाऊलसाठी लाल कार्ड दाखवण्यात आले. तो फाऊल जर्सी क्र. १६ याने केला होता. सोबतच्या चित्रफितीत २ मिनिटे १० सेकंदांपासून पुढे क्र. ६ मैदानाच्या दुसऱ्या बाजूला दिसतो. सामन्याच्या निकालाबद्दल आमची हरकत नाही. क्र. ६ वरील निलंबन मागे घ्यावे, ही विनंती. सोबत: चित्रफीत, संघयादीची प्रत, फी भरल्याची पावती.'

यात पंचाबद्दल एकही विशेषण नाही, हे पाहा. एकच कारण, एकच मागणी. चार कारणे लिहिली की समितीला तीन कमकुवत कारणे आधी दिसतात. सही क्लबच्या सचिवाची किंवा शाळेची हवी. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि वेळेसह पोच घ्यावी. मुदतीचा वाद झाला तर तीच कामाला येते.

मुदत, फी आणि वरची पायरी

फिफाच्या पातळीवर निर्णय कळल्यापासून तीन दिवसांत अपील करणार असल्याचे लेखी कळवावे लागते, त्यानंतर पाच दिवसांत कारणांसह अर्ज द्यावा लागतो आणि फी १,००० स्विस फ्रँक आहे. खालच्या स्पर्धांत मुदती त्यांच्या स्वतःच्या असतात, शालेय सामन्यांत तर बहुधा त्याच दिवसाच्या. फी आणि मुदत चुकली तर कारण कितीही खरे असले, तरी अर्ज उघडलाही जात नाही.

प्रत्येक शिक्षेवर वर जाता येत नाही. दोन सामन्यांपर्यंतच्या निलंबनावर फिफाच्या अपील समितीकडे अपीलच होत नाही. लोझानच्या क्रीडा लवादाकडेही चार सामन्यांपर्यंतच्या निलंबनाची प्रकरणे फिफाच्या वाटेने जात नाहीत. छोटी शिक्षा लवकर भोगून मोकळे व्हावे, असाच त्यामागचा हिशेब आहे. इंग्लंडमध्ये तर उगाच केलेल्या अपिलाबद्दल निलंबन वाढवण्याची तरतूद आहे.

अर्ज दिला म्हणजे खेळायला मोकळा नाही

इथे सगळ्यात महागडी चूक होते. अपील केल्याने निलंबन सहसा थांबत नाही. निकाल हातात येईपर्यंत खेळाडू बाहेरच. निलंबित खेळाडू उतरवला तर सामना ०-३ असा हरल्याचे धरले जाते, आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेत म्हणजे घरी परत.

रिअल माद्रिदसारख्या क्लबकडूनही हे झाले. डिसेंबर २०१५ मध्ये स्पॅनिश चषकात त्यांनी काडिझविरुद्ध डेनिस चेरिशेव्हला खेळवले. आधीच्या हंगामात दुसऱ्या क्लबकडून खेळताना पिवळ्या कार्डांमुळे त्याच्यावर एका सामन्याचे निलंबन बाकी होते, ते कोणाच्या लक्षात नव्हते. त्याने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला, माद्रिद ३-१ जिंकले आणि स्पर्धेतून बाद झाले. निलंबन क्लब बदलला तरी खेळाडूबरोबर जाते. दुसऱ्या मंडळाचा खेळाडू घेताना त्याच्या नावावर एखादे कार्ड शिल्लक आहे का, हे विचारूनच यादी भरावी.

मग अपील कधी करावे?

माणूसच चुकीचा धरला असेल तर नेहमी करावे, शिक्षा एका सामन्याची असली तरी. नोंद मुलाच्या नावावर राहते. शिक्षा चार-पाच सामन्यांवर गेली असेल आणि माप जास्त वाटत असेल तर करावे. एका सामन्याचे निलंबन, पंचाच्या मताचा प्रश्न आणि हातात चित्रफीत नाही, अशा वेळी फीचे पैसे मुलांच्या स्टॉकिंग्जवर खर्च करणे बरे.

आणि यातली निम्मी कामे कार्ड निघण्याआधीची आहेत. स्पर्धेपूर्वीच्या व्यवस्थापकांच्या बैठकीत उठून विचारा: लाल कार्डाला शिक्षा किती, हरकत कोणाकडे आणि किती वेळात, फी किती. उत्तरे वहीत लिहा आणि आयोजकांची सही घ्या. प्रत्येक सामना मध्यरेषेजवळून, न थांबता, एकाच मोबाइलवर चित्रित करायला एक मुलगा नेमा. कार्डांची नोंद ठेवणारी वही संघाबरोबर असू द्या, म्हणजे कोणाचे निलंबन कधी संपते यासाठी आठवणीवर भिस्त राहत नाही. एवढी तयारी असली की कार्ड निघाल्यावर पंचाभोवती घोळका करण्याची गरजच उरत नाही, आणि त्या घोळक्यात बोललेल्या एखाद्या शब्दामुळे मिळणारे दुसरे कार्डही टळते.